राखुंडी ते पेरॉक्साइड

दात पांढरे करून घेतले की एनॅमल जातं, असं आपल्याकडे मोठ्या खात्रीनं सांगितलं जातं. सांगणाऱ्यानं त्याच सकाळी बोटावर लाल मंजन घेऊन दात करकर वाजेपर्यंत घासलेले असतात, आणि त्यात काही वावगं आहे असं त्याच्या मनातही येत नाही. दवाखान्यातली जेल म्हणजे रसायन आणि घरातलं मंजन म्हणजे निसर्गाची देणगी, अशी ही सोयीची वाटणी आहे. दात उजळवण्याच्या उद्योगाचा गेल्या दोन हजार वर्षांचा इतिहास पाहिला तर ती टिकत नाही. या काळात माणसांनी स्वतःच्या दातांवरचं जे कवच घालवलं ते मुख्यतः दोन गोष्टींनी: खरखरीत भुकटीनं आणि आम्लानं. दोन्ही जुन्या आहेत, दोन्ही घराघरांत मिळतात, आणि दोन्हींना आजही कुणी फारसं घाबरत नाही. आज ज्याची धास्ती घेतली जाते ते पेरॉक्साइड या उद्योगात फार उशिरा आलं आणि एनॅमलच्या दृष्टीनं त्याचा हात सर्वांत हलका ठरला. ते निर्दोष आहे असं मुळीच नाही, पण त्याचे दोष वेगळ्या जागी आहेत.

मुळात एनॅमल हा प्रकार समजून घेतला पाहिजे. शरीरातला सर्वांत कठीण पदार्थ तो हाच. वजनाच्या हिशेबानं त्यातला सुमारे ९६ टक्के भाग खनिज असतो, म्हणजे कॅल्शियम आणि फॉस्फेट यांचे हायड्रॉक्सीअपॅटाइट नावाचे स्फटिक. दाढेच्या उंचवट्यावर त्याची जाडी अडीच मिलिमीटरपर्यंत असते आणि हिरडीजवळ येता येता ती जवळजवळ शून्यावर येते. एनॅमल घडवणाऱ्या पेशी दात हिरडीतून वर येतानाच नाहीशा होतात, त्यामुळे हाड जसं सांधतं, कातडी जशी भरून येते, तसं एनॅमल पुन्हा तयार होत नाही. लाळेतली खनिजं आणि फ्लोराइड मऊ पडलेला पृष्ठभाग पुन्हा टणक करू शकतात, पण गेलेला थर परत आणू शकत नाहीत. दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची आहे आणि तीच बहुतेकांना ठाऊक नसते. एनॅमल पांढरं नाही, ते अर्धपारदर्शक आहे. दाताचा जो रंग आपल्याला दिसतो तो बव्हंशी आतल्या डेंटिनचा, आणि डेंटिन पिवळसर असतं. पिवळ्या कागदावर दुधी काच ठेवावी तसा हा मामला आहे. काच घासून पातळ केली तर कागद पांढरा होत नाही, उलट जास्त पिवळा दिसू लागतो. तेव्हा दात घासून पांढरे करण्याची सगळी परंपरा शेवटी स्वतःच्याच हेतूवर उलटते. वरचा चहातंबाखूचा डाग निघतो, चार दिवस दात उजळ दिसतात, आणि वर्षानुवर्षं तेच केलं की डेंटिनचा पिवळेपणा बाहेर डोकावू लागतो. मग माणूस आणखी जोरानं घासतो.

रोमन लोक हेच करत होते. पहिल्या शतकातल्या प्लिनीच्या ग्रंथात दातांसाठी सांगितलेली चूर्णं वाचली तर जाळलेली शिंगं, हाडं, प्राण्यांच्या निरनिराळ्या अवयवांची राख आणि ज्वालामुखीतून निघणारा प्यूमिसचा दगड अशी यादी सापडते. प्यूमिस एनॅमलपेक्षा कठीण आहे. या चूर्णांचा शौक प्रतिष्ठितांमध्ये इतका होता की दुसऱ्या शतकात, आजच्या लिबियातल्या साब्राथा इथे अॅप्युलियस या लेखकावर जादूटोण्याचा खटला चालला तेव्हा त्यानं एका ओळखीच्याला दंतचूर्ण पाठवताना रचलेली कविताही त्याच्याविरुद्ध वाचून दाखवली गेली. दात स्वच्छ ठेवणं हा गुन्हा कसा, असा उलट सवाल त्यानं भरकोर्टात केला. त्याआधी कॅटलस या कवीनं एग्नाटियस नावाच्या सतत हसणाऱ्या माणसाची टर उडवली होती, कारण तो स्पेनमधल्या रीतीप्रमाणे मूत्रानं दात घासायचा. वाचताना आपण नाक मुरडतो, पण एनॅमलचा विचार केला तर प्यूमिसनं घासणाऱ्या सभ्य रोमन माणसापेक्षा एग्नाटियसचे दात कदाचित कमी झिजले असतील. मूत्रातल्या युरियापासून अमोनिया होतो, तो मळ काढतो, आणि तो आम्ल नाही. योगायोग असा की आजच्या घरगुती ब्लीचिंग जेलमध्ये हायड्रोजन पेरॉक्साइड ज्याच्याशी बांधलेलं असतं तो पदार्थही युरियाच आहे. अर्थात कारखान्यात बनवलेला.

आपल्याकडच्या वैद्यकग्रंथांचा सूर मात्र वेगळा आहे आणि तो नीट वाचला जात नाही. चरक, सुश्रुत आणि वाग्भट तिघांनीही दंतधावन सांगितलं ते काडीनं, आणि तिघांचाही भर काडीचं टोक चावून मऊ करण्यावर आणि हिरड्यांना इजा न करण्यावर आहे. खैर, वड, करंज, अर्जुन, रुई अशी झाडं त्यासाठी वाग्भटानं सांगितली आहेत आणि कुणी काडी वापरू नये याचीही यादी दिली आहे. दातांवर साचलेला कठीण थर, ज्याला सुश्रुत दंतशर्करा म्हणतो, तो शस्त्रानं काढावा पण दाताच्या मुळाला धक्का लागू देऊ नये, अशी त्याची सूचना आहे. आजचे दंतवैद्य स्केलिंग करताना याहून वेगळं काही सांगत नाहीत. या ग्रंथांत दात निरोगी, स्वच्छ, मुख सुगंधी आणि जिभेला रुची असावी ही अपेक्षा दिसते. दात शुभ्र दिसावेत म्हणून खरवडण्याचा आग्रह दिसत नाही. सौंदर्याचा विचार जिथे येतो तिथे तर उलटाच प्रकार आहे. कामसूत्रातल्या चौसष्ट कलांमध्ये दात रंगवणं ही एक कला म्हणून मोजली आहे.

दात रंगवण्याची ही रीत महाराष्ट्रात अलीकडेपर्यंत होती. सवाष्ण बाईनं दातवण लावून दात काळे करायचे, आणि काळे दात हे सौभाग्याचं आणि देखणेपणाचं लक्षण मानायचं, अशी पद्धत होती. जुन्या मराठी कोशांत दातवणाची नोंद आहे. ते हिराकस, हिरडा, कात अशा जिनसांपासून होई. उत्तरेत याच जातीची मिस्सी होती. यातलं रसायन पाहण्यासारखं आहे: हिराकस म्हणजे लोहाचा क्षार, हिरड्यात आणि मायफळात टॅनिन, आणि दोन्ही एकत्र आले की काळंकुळकुळीत संयुग होतं. लिहायची काळी शाईही याच जोडीतून होत असे. हजारो मैलांवर जपानात ओहागुरो नावाची नेमकी हीच पद्धत होती. तिथे लोखंड व्हिनेगरात मुरवून त्यात मायफळासारख्या गाठींची पूड घालत आणि विवाहित स्त्रिया, दरबारी पुरुषही, त्यानं दात काळे करत. मेजी सरकारनं १८७० साली उमराव वर्गापुरती त्यावर बंदी घातली आणि १८७३ मध्ये सम्राज्ञी पांढऱ्या दातांनी लोकांसमोर आली, तेव्हापासून ती पद्धत उतरणीला लागली. दातवणाची भलामण करण्याचा इथे हेतू नाही. बाईच्या तोंडावरून तिचा नवरा जिवंत आहे की नाही हे ओळखू यावं, ही कल्पना गेली ते बरंच झालं. पण एनॅमलपुरतं बोलायचं तर काळं करण्याच्या रीतीनं दातावर एक थर चढवला आणि पांढरं करण्याच्या रीतीनं दाताचा एक थर उतरवला, हा फरक उरतोच. टॅनिन आणि लोह यांच्या थरामुळे ओहागुरो लावणाऱ्यांचे दात किडीपासून काही प्रमाणात वाचत, असं जपानी दंतवैद्यकातही मानलं जातं.

दातवण गेलं, मिश्री राहिली. तव्यावर तंबाखू काळा होईपर्यंत भाजायचा, हातानं चुरायचा आणि डबीत भरून ठेवायचा, ही खेड्यातल्या बायकांची सवय महाराष्ट्रात आणि गोव्यात अजून दिसते. तंबाखू मिसळलेल्या टूथपेस्ट आणि टूथ पावडरवर केंद्र सरकारनं १९९२ साली बंदी आणली, पण घरच्या तव्यावर बंदी येत नाही. मिश्रीचा खरा धोका एनॅमलच्या पुष्कळ पलीकडचा, तोंडाच्या कर्करोगाचा आहे, म्हणून ती इथे बाजूला ठेवू. मराठी घरातलं दात घासण्याचं मुख्य साधन होतं राखुंडी. गोवऱ्यांची राख वस्त्रगाळ करायची, तिच्यात मीठ, ऐपतीप्रमाणे कापूर, तुरटी किंवा लवंग घालायची. कुणी बदामाची टरफलं जाळून त्यांची काळी पूड करत, कोकणात कुणी भाताच्या तुसाची राख घेत, नाहीतर आंब्याचं पान मधोमध दुमडून त्यानंच दात घासत. आता ही तुसाची राख जरा जवळून पाहू. भाताचं तूस जळालं की जी राख उरते तिच्यात वजनानं ८५ ते ९० टक्क्यांहून जास्त सिलिका असते. गवतातही सिलिका असते, त्यामुळे गाईच्या शेणातून ती गोवरीत आणि गोवरीतून राखुंडीत येते. खनिजांचा कठीणपणा मोजण्याच्या मोजपट्टीवर एनॅमल पाचच्या आसपास आहे, डेंटिन त्याहून खाली, आणि वाळूतलं क्वार्ट्झ सातवर. विटेची पूड, नदीची बारीक वाळू, कुटलेला कोळसा यांनीही दात घासले जात. चुलीजवळ बसून माणूस जे बोटावर घेत होता ते थोडक्यात सांगायचं तर पॉलिश पेपरचं जाडंभरडं रूप होतं.

इथे हमखास येणारा आक्षेप असा की आमचे आजोबा राखुंडीच वापरत आणि ऐंशीव्या वर्षी ऊस सोलून खात. या आक्षेपात तथ्य आहे, पण त्याचा निष्कर्ष चुकतो. राखेचे दोन गुण मान्य करायलाच हवेत. ती अल्कलीधर्मी असते, त्यामुळे तोंडातलं आम्ल मारते, आणि ती बहुधा बोटानं लावली जाई, ताठ केसांच्या ब्रशनं नव्हे. बोटाचा दाब पसरट असतो. ऐंशीव्या वर्षापर्यंत दात टिकले याचं मोठं कारण मात्र साखर फार कमी होती हे आहे. दात किडतो तो साखरेवर जगणाऱ्या जंतूंच्या आम्लामुळे, आणि कीड कमी असणं म्हणजे झीज कमी असणं नव्हे. उत्खननांत सापडणाऱ्या जुन्या शेतकरी समाजांच्या कवट्यांमध्ये दातांची झीज भरपूर दिसते. यावर कुणी म्हणेल की ती झीज जेवणातली, मंजनातली नाही. तेही अर्धं खरं आहे. टाकी लावलेल्या जात्याचं पहिलं पीठ दाताखाली कचकचायचं, आणि दळणातून पोटात जाणारा दगड रोजचाच होता. पण जेवणानं झिजतो तो दाताचा चावण्याचा माथा. मंजनानं झिजते ती दाताची बाहेरची बाजू, तीही हिरडीला लागून, जिथे एनॅमल आधीच पातळ असतं. तिथे पाचरीच्या आकाराची खाच पडते आणि उजव्या हातानं घासणाऱ्या माणसाच्या तोंडात ती बहुधा डाव्या बाजूला जास्त खोल असते. जेवण असा भेदभाव करत नाही. शिवाय चाळिशीत दात गमावलेल्या आजोबांची गोष्ट कुणी सांगत नाही.

युरोपात भुकटीच्या जोडीला आम्ल आलं. मध्ययुगात आणि त्यानंतरही दात काढणं हे न्हाव्यांचं काम होतं, आणि दात कानशीनं खरवडून वर नायट्रिक आम्लाचा हात फिरवणं ही त्यांच्याकडची पांढरे करण्याची सेवा होती. दात लगेच लखलखत, आणि काही वर्षांत कुजत. एनॅमलचे स्फटिक साधारण ५.५ च्या खालच्या पीएचला विरघळू लागतात आणि नायट्रिक आम्ल त्याच्या कितीतरी खाली असतं. आधुनिक दंतवैद्यकाचा जनक मानला जाणारा प्येर फोशार यानं १७२८ च्या आपल्या फ्रेंच ग्रंथात अशा भोंदू उपायांवर टीका केली. गंमत अशी की चूळ भरायला मूत्र वापरण्याची शिफारस त्यानंही केली आहे. दातांची झीज नेमकी कशामुळे होते हे प्रयोगानं दाखवणारा माणूस मात्र विसाव्या शतकाच्या तोंडाशी आला. बर्लिनमध्ये काम करणारा अमेरिकन दंतवैद्य विलोबी मिलर यानं दात किडण्यामागचं जंतूंचं आम्ल आधीच शोधून काढलं होतं. १९०७ साली त्यानं दातांच्या झिजेवरचे प्रयोग प्रसिद्ध केले. काढलेले दात घेऊन त्यानं ब्रशनं आणि बाजारातल्या निरनिराळ्या दंतचूर्णांनी ते घासले आणि तोंडात दिसणाऱ्या पाचरीसारख्या खाचा टेबलावर तयार करून दाखवल्या. त्या काळात अशा खाचांना एखादा गूढ रोग समजणारे तज्ज्ञ होते. मिलरनं तो रोग डबीत भरून विकला जातो हे दाखवलं.

मिलरच्या कामाचा धागा पुढे कारखान्यांनी उचलला, स्वार्थासाठी का होईना. मुंबईत १९३७ साली कोलगेट-पामोलिव्हची भारतीय कंपनी आली, नोगी कंपनीची माकडछाप काळी टूथ पावडर मराठी घराघरांत पोचली, १९५२ मध्ये केशव विष्णु पेंढरकरांनी परळमध्ये विको सुरू केली आणि वज्रदंती आलं. डबीतल्या पावडरीची जागा हळूहळू ट्यूबनं घेतली. पेस्टमधल्या खडूसारख्या पदार्थांचा कण किती बारीक ठेवायचा हे ठरवता येऊ लागलं. किरणोत्सारी केलेल्या डेंटिनवर ब्रश फिरवून किती झीज होते ते मोजण्याची पद्धत १९५८ साली पुढे आली आणि पुढे तिच्यावरून पेस्टच्या खरखरीतपणाची एक मोजपट्टी ठरली. तिच्यात ठरावीक कॅल्शियम पायरोफॉस्फेटला १०० गुण, आणि आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे २५० ही वरची मर्यादा. खाण्याच्या सोड्याला या मोजपट्टीवर दहापेक्षाही कमी गुण मिळतात. राखुंडीला, कोळशाला आणि गेरू घातलेल्या मंजनाला घरी मोजपट्टी नसते, हाच त्यांच्यातला आणि पेस्टमधला खरा फरक. मोजलेली पेस्ट एकट्यानं एनॅमल फारसं झिजवत नाही, पण आम्लानं मऊ पडलेल्या एनॅमलवर तीच पेस्ट जास्त नुकसान करते. लिंबू सरबत पिऊन लगेच दात घासायला बसू नये, असं दंतवैद्य सांगतात ते यासाठीच.

आम्लाचा मोह विसाव्या शतकातही सुटला नव्हता. १९२० च्या दशकात अमेरिकेत टार्टारॉफ नावाचं द्रव दात झटकन पांढरे करतं म्हणून विकलं जाई. त्यात हायड्रोक्लोरिक आम्ल होतं आणि ते पांढरेपणा एनॅमल विरघळवूनच देत होतं. याच आम्लाच्या एका जास्त प्रामाणिक वापराची कथा कोलोरॅडोपासून सुरू होते. फ्रेडरिक मॅके हा तरुण दंतवैद्य १९०१ मध्ये कोलोरॅडो स्प्रिंग्ज इथे आला तेव्हा तिथल्या पुष्कळ लोकांचे दात तपकिरी डागांचे दिसले. हे डाग घासून निघत नव्हते, कारण ते वर लागलेले नव्हते. एनॅमल घडत असतानाच ते आत बसले होते. १९३१ साली त्याचं कारण पाण्यातलं जादा फ्लोराइड आहे हे उलगडलं. आपल्याकडे यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांतल्या अनेक गावांत बोअरच्या पाण्यामुळे मुलांचे दात असेच खडूसारखे आणि तपकिरी डागांचे होतात, आणि लग्न ठरवायच्या वेळी मुली ते विटेच्या पुडीनं किंवा लिंबामिठानं घासतात. डाग जात नाही, एनॅमल जातं. दंतवैद्यांनी अशा डागांसाठी सौम्य केलेलं हायड्रोक्लोरिक आम्ल आणि प्यूमिस यांनी वरचा अगदी पातळ थर काढण्याची मायक्रोअब्रेजन ही पद्धत १९८६ मध्ये नीट मांडली. तिथेही एनॅमल जातंच, पण किती जातं हे ठाऊक असतं आणि काम एकदाच होतं. लिंबामिठाचं तसं नाही.

रंग उडवण्याचा मार्ग वेगळा होता आणि तो मेलेल्या दातांवर सुरू झाला. आतली नस मेली की दात काळवंडतो. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला अमेरिकन दंतवैद्य अशा दातांच्या आत क्लोरीन सोडणारी चुन्याची भुकटी भरू लागले. १८७७ मध्ये ऑक्झॅलिक आम्ल जिवंत दातांवर वापरल्याची नोंद झाली, आणि १८८४ च्या सुमारास हायड्रोजन पेरॉक्साइड आलं. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ तेनार यानं ते १८१८ मध्येच शोधलं होतं, पण दाताच्या कामाला लागायला त्याला साठेक वर्षं लागली. १९१८ मध्ये तीव्र प्रकाशाची आणि उष्णतेची जोड देऊन ते वापरण्याची पद्धत आली. आजच्या दवाखान्यांत निळा दिवा लावून केलं जाणारं व्हाइटनिंग त्याचंच वंशज आहे, आणि त्या दिव्याचा परिणाम टिकाऊ असतो याचा पुरावा शंभर वर्षांनंतरही तोकडाच आहे. दात कोरडा पडला की तो काही तास जास्त पांढरा दिसतो, हे त्या दिव्याच्या यशातलं एक उघड गुपित. खरा टप्पा आला तो अपघातानं. १९६० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत आर्कान्सामधल्या फोर्ट स्मिथ या गावी बिल क्लुस्मायर हा दात सरळ करणारा दंतवैद्य सुजलेल्या हिरड्यांसाठी रुग्णांना रात्री प्लास्टिकच्या साच्यात दहा टक्के कार्बामाइड पेरॉक्साइड लावायला सांगत असे. हिरड्या बऱ्या झाल्या आणि दातही उजळले. त्यानं हे गावोगावच्या बैठकांत सांगितलं, पण नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठातल्या हेवुड आणि हायमन यांनी ते १९८९ साली शोधनिबंधात मांडलं तेव्हा जगाचं लक्ष गेलं. दहा टक्के कार्बामाइड पेरॉक्साइड म्हणजे सुमारे साडेतीन टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड. त्याचा रेणू इतका लहान की तो एनॅमलमधून आरपार जातो, डेंटिनपर्यंत पोचतो आणि तिथली रंगीत संयुगं मोडतो. या मार्गानं दाताचा रंग जिथे आहे तिथे औषध पोचलं, वरचा थर न काढता.

यावर गंभीर आक्षेप आहे आणि तो प्रयोगशाळेतून येतो. ब्लीच केलेल्या दातांच्या एनॅमलचा कठीणपणा घटल्याचं अनेक प्रयोगांत दिसलं आहे, सूक्ष्मदर्शकाखाली पृष्ठभागावर खड्डेही दिसले आहेत. हे प्रयोग खोटे नाहीत. पण २००९ मध्ये थॉमस आटिन आणि सहकाऱ्यांनी असे अनेक प्रयोग एकत्र तपासले तेव्हा असं आढळलं की तोंडातली परिस्थिती जितकी जवळून उभी केली, म्हणजे लाळ आणि फ्लोराइड दिलं, तितकी कठीणपणातली घट कमी होत गेली. पाण्याच्या पेल्यात ठेवलेला काढलेला दात स्वतःला दुरुस्त करू शकत नाही, तोंडातला करतो. ज्या जेलचा पीएच आम्लाकडे झुकतो तिथे नुकसान जास्त दिसतं, म्हणजे दोषी पुन्हा आम्लच. पेरॉक्साइडचे खरे दोष एनॅमलच्या आत आणि बाहेर आहेत. तो रेणू पंधरा मिनिटांच्या आत दाताच्या नसेपर्यंत पोचतो, म्हणून ब्लीचिंगनंतर दात ठणकतात, गार पाणी लागतं. हे बहुधा काही दिवसांत जातं. पस्तीस-अडतीस टक्क्यांची जेल हिरडीला लागली तर भाजतं. आणि १९७९ साली हॅरिंग्टन आणि नॅटकिन यांनी दाखवून दिलं की मेलेल्या दातात तीव्र पेरॉक्साइड भरून वर उष्णता दिली तर पुढे मुळाची झीज होऊ शकते. दात पडेपर्यंत. हा सगळ्यांत वाईट परिणाम, पण त्याचा वरच्या एनॅमलशी संबंध नाही. वर्षातून चारदा हौसेनं ब्लीच करणाऱ्यांचं काय, हा प्रश्न उरतो, आणि तिथे सावध राहणंच बरं. हौस म्हणून वारंवार केलेल्या उपचाराचं समर्थन कुठल्याच पुराव्यातून होत नाही. युरोपीय संघानं २०१२ पासून ०.१ टक्क्याहून जास्त आणि सहा टक्क्यांपर्यंत पेरॉक्साइड फक्त दंतवैद्याच्या देखरेखीखाली द्यावं आणि अठरा वर्षांखालच्यांना देऊ नये, असा नियम केला तो शहाणपणाचा आहे.

नियम पेरॉक्साइडला झाला, लिंबाला आणि कोळशाला झाला नाही. म्हणून आज मोबाइलवर लिंबू आणि मीठ, लिंबू आणि सोडा असे उपाय फिरतात. लिंबाच्या रसाचा पीएच दोनच्या आसपास असतो. चुलीतला कोळसा गरिबीची खूण म्हणून मागे पडला होता, तोच आता काळ्या ट्यूबमध्ये भारी किमतीला मिळतो. अमेरिकन डेंटल असोसिएशनच्या नियतकालिकात २०१७ मध्ये कोळशाच्या मंजनांचा आढावा प्रसिद्ध झाला. दात पांढरे होतात किंवा ते सुरक्षित आहे, यांपैकी कशालाही पुरेसा पुरावा त्यात सापडला नाही. व्हाइटनिंग असा शिक्का असलेल्या बहुतेक पेस्टही रंग उडवत नाहीत. त्या वरचा डाग घासून काढतात, किंवा निळसर छटा देऊन पिवळेपणा झाकतात. खरवडणं आणि रंग मोडणं या दोन उलट कामांना बाजारानं एकच नाव दिलं, आणि त्या नावाची सगळी बदनामी मात्र पेरॉक्साइडच्या खात्यात जमा झाली.

तेव्हा दात उजळ करून घ्यायची इच्छा असेल तर आधी दंतवैद्याकडून साचलेला थर साफ करून घ्या, कारण पुष्कळांचा पिवळेपणा तिथेच निघून जातो. त्यानंतरही हवं असेल तर जेलमध्ये पेरॉक्साइड किती टक्के आहे आणि तिचा पीएच काय आहे हे विचारा, आणि सौम्य औषधाचा, रात्री लावायच्या साच्याचा पर्याय मागा. भरलेल्या दातांचा किंवा कॅपचा रंग यानं बदलत नाही, हेही आधीच ठाऊक असू द्या. आणि घरातली लिंबामिठाची वाटी, कोळशाची डबी आणि बोटावर कचकचणारं मंजन आजपासूनच बंद करा.